बदली देऊन जाते

मे महिना लागला की ठाण्यातल्या बाळकुमच्या सोसायट्यांमध्ये बोलायला दोनच विषय उरतात : टँकर कधी येणार, आणि कुणाकडे बदली बाई आहे का. पहिल्याचं उत्तर निदान वॉचमनला ठाऊक असतं. दुसरा प्रश्न ग्रुपवर पडतो, त्यावर बरेच जण हात जोडल्याची चित्रं टाकतात आणि शेवटी कुणीतरी लिहितं, "मिळाली तर मलाही सांगा."

लग्नसराई ऐन भरात असते, शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात. ठाण्यातली निम्मी स्वयंपाकघरं ज्यांच्या मनगटावर चालतात त्या मावश्या जालना, बुलढाणा, खेड, चिपळूणच्या गाड्या पकडायला निघालेल्या असतात. निघताना प्रत्येक जण न चुकता एक वाक्य टाकून जाते, "काळजी करू नका वहिनी, बदली देऊन जाते."

हे ऐकून ज्याला हायसं वाटतं तो ठाण्यात नवीन आहे असं खुशाल समजावं.

बदली म्हणून येणारी बहुधा मावशींची जाऊ असते, नाहीतर भाचेसून, नाहीतर 'आमच्या चाळीतलीच आहे, स्वभावाने गरीब' अशी कुणीतरी. पहिल्या दिवशी तिला उशीर होतो, कारण मावशींनी तिला 'बी विंग' एवढंच सांगितलेलं असतं आणि कॉम्प्लेक्समध्ये बी विंगा चार असतात. आल्या आल्या ती ओट्यासमोर उभी राहून नवी सून पाहावी तशी सगळीकडे नजर फिरवते आणि विचारते, "फडकं कुठंय?" फडकं कुठं आहे हे घरात कुणालाच माहीत नसतं. ते फक्त मावशींना माहीत असतं, आणि मावशी त्या वेळी कसारा घाटात, रेंजच्या बाहेर असतात.

दुसऱ्या दिवसापासून घराचा भूगोल बदलायला लागतो. पळी डाव्या खणातून उजव्या खणात जाते. मिसळणाच्या डब्यात मोहरी आणि जिरं एकमेकांच्या घरी राहायला जातात. किसणी नाहीशी होते आणि थेट मावशी परत आल्यावर गव्हाच्या डब्यामागे सापडते. या काळात बदलीबाईला उठताबसता ऐकवलं जातं, "आमच्या मावशी पोळीची घडी घालायच्या." "आमच्या मावशी कढई उपडी ठेवायच्या." चांगल्या धडधाकट, त्या क्षणी चाळीसगावच्या स्टँडवर उसाचा रस पीत असलेल्या बाईविषयी लोक असं भूतकाळात बोलतात की ऐकणाऱ्याने दोन मिनिटं उभं राहावं.

याच मावशींबद्दल याच घरात एप्रिलमध्ये काय बोललं जात होतं, ते कुणी आठवत नाही. खाडे, कांद्याच्या सालीबरोबर जाणारा अर्धा कांदा, सदानकदा मोठा ठेवलेला गॅस, सगळं माफ होतं. मूळ माणसाचे गुण दिसायला लागणं हा बदलीचा पहिला उपयोग.

आठवडा उलटला की वारं फिरतं. बदलीबाईची भाकरी टम्म फुगते. चहात ती आलं ठेचून घालते. खिडक्यांच्या जाळ्या कुणी न सांगता पुसलेल्या दिसतात आणि रात्री बेडरूमचं दार लोटून कुजबुज सुरू होते, "हिलाच ठेवली तर?" तोवर मावशी येतातच. हातात गावच्या कुरडयांची पिशवी, आणि दारातच प्रश्न, "कशी होती ओ ती?" याला एकच उत्तर चालतं. "होती ठीक, पण तुमची सर नाही." हे म्हणताना बदलीबाईचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये 'प्लंबर' या नावाने जपून ठेवलेला असतो.

ती कुठे जाते? कुठेच नाही. शेजारच्या बी विंगेत तिला काम मिळतं. पुढच्या मे महिन्यात दोघी जावा आपापल्या घरी बदली म्हणून एकमेकींचं नाव देतात आणि एकाच घरातल्या लग्नाला एकाच गाडीने निघून जातात.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपल्याकडे एकाच्या जागी दुसरं आलं म्हणून पहिलं जात नाही आणि चार दिवसांसाठी आलेलं दुसरंही मग हलत नाही. दोन्ही राहतात. मधल्या मध्ये घरमालकाला तुलना करण्याचं काम लागतं.

ही बदलीची रीत मावश्यांनी काढलेली नाही. तिची मुळं गिरणगावात आहेत. सकाळच्या भोंग्याला मुंबईच्या गिरण्यांच्या फाटकाबाहेर बदली कामगारांचा घोळका उभा असायचा. आत कुणी गैरहजर असेल तर त्याच्या साच्यावर यांच्यापैकी कुणाची तरी वर्णी. कुणाची लागायची, हे जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या मर्जीवर, आणि जॉबरची मर्जी कशी राखायची हे सगळ्यांना माहीत. शेवटी 1935 मध्ये मालकांच्या संघटनेने बदलीवाल्यांना कार्डं देऊन ही हजेरी नियमात आणायचा प्रयत्न केला. पुढे बदली मंडळी इतकी वाढली की इंग्रजीत लिहिलेल्या कायद्याने तिला तिच्या मराठी-हिंदी नावासकट घरात घेतलं. 1947 च्या औद्योगिक विवाद अधिनियमाचं कलम 25-सी उघडून बघा. दुसऱ्याचं नाव हजेरीपटावर असताना त्याच्या जागी काम करणारा तो बदली कामगार. मात्र त्याने सलग एक वर्ष काम केलं, की त्या कलमापुरता तो बदली राहत नाही. म्हणजे बदली कायम होऊन बसते हे सरकारला तेव्हाच कळलं होतं. नंतर त्या कायद्याच्याच जागी 2020 ची औद्योगिक संबंध संहिता आली. कायद्याला बदली मिळाली, पण कायद्यातल्या बदलीला धक्का लागला नाही.

सोसायटीच्या फाटकावर या कामगाराचा धाकटा भाऊ भेटतो. त्याला रिलीव्हर म्हणतात. रिलीव्हरची व्याख्या सोपी आहे : जो आलेला नाही तो. रात्री आठला दिवसपाळीच्या वॉचमनची ड्युटी संपते, रिलीव्हर येत नाही, एजन्सीचा सुपरवायझर फोनवर "निघालाय, निघालाय" म्हणत राहतो आणि दिवसाचाच वॉचमन टोपी बदलून रात्रीचा होतो. याला 'डबल मारणे' म्हणतात. स्वतःच्या जागी स्वतःच बदली जाणारा हा बहुधा जगातला एकमेव नोकरदार असावा.

खरी प्रतिष्ठा या प्रकाराला मराठी नाटकवाल्यांनी दिली. तिथे 'रिप्लेसमेंट' म्हणजे नटाच्या कारकिर्दीतला एक मान्यताप्राप्त टप्पा असतो. "अमुक नाटकात मी रिप्लेसमेंट केली" असं सांगताना कुणी खाली बघत नाही. जाहिरातीत मात्र तो शब्द येत नाही. तिथे छापतात 'नव्या संचात'. हे वाचलं की ठाणेकर प्रेक्षक तिकीट काढायच्या आधी एक फोन करतो आणि विचारतो, "जुन्यातलं कोण कोण उरलंय?"

गडकरी रंगायतन 1978 पासून उभं आहे. त्याच्या मध्यंतरात बटाटेवडा हातात घेऊन जे बोलणं चालतं ते ऐकण्यासारखं असतं. तिथे प्रेक्षकांच्या दोन जाती असतात : पहिला संच पाहिलेले आणि न पाहिलेले. पहिल्या जातीचा माणूस वड्याचा घास गिळेपर्यंत थांबतो, मान एका बाजूला झुकवतो आणि म्हणतो, "हाही बरा करतो." या 'ही'मध्ये नव्या नटाची दोन महिन्यांची तालीम बुडून जाते. 'नटसम्राट' 1970 मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी उभं केलं. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी त्यातले नायक बेलवलकर आपापल्या खांद्यांवर घेतले. ज्याने ज्यांना पाहिलं तो त्यांच्यावर हात ठेवून शपथ घेतो. आणि 1980 नंतर जन्मलेले काही जण तर चौघांचीही तुलना करून दाखवतात, तेव्हा मात्र मी वडा संपवून आत जाऊन बसतो.

सगळ्यात अवघड रिप्लेसमेंट कुठली, तर 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. लक्ष्मण देशपांडे एकटे बावन्न व्यक्तिरेखा उभ्या करायचे. 2009 मध्ये ते गेले, आणि पुढे संदीप पाठकने ते नाटक उचललं. एका नटाच्या बदल्यात एक नट, हिशेब बरोबर दिसतो. पण स्टेजवर त्या एकाला बावन्न जणांच्या जागी उभं राहायचं होतं. एजन्सीच्या सुपरवायझरने एवढी माणसं कधीच पाठवली नसती.

क्रिकेटवाल्यांना ही अक्कल उशिरा आली. बदली खेळाडूने पळायचं, झेल घ्यायचे, पण बॅट-बॉलला हात लावायचा नाही, अशी तिथली जुनी रीत. 2019 मध्ये डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी पूर्ण खेळाडू द्यायची सोय झाली आणि लगेच ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर जोफ्रा आर्चरचा चेंडू बसला. बदली म्हणून मार्नस लाबुशेन आला, त्याने 59 धावा केल्या. पुढच्या कसोटीत स्मिथ नव्हता, त्याच्या पुढच्या कसोटीत स्मिथ होता. लाबुशेन दोन्हींत होता. आमच्या बी विंगेतल्या जावेसारखाच.

पण नट, खेळाडू, कामगार हे सगळे परवाचे. बदलीचं शास्त्र आपण घरच्या देव्हाऱ्यात शिकतो. गुरुजी पूजा सांगतात. पंचामृत होतं, स्नान होतं, मग देवाला वस्त्र द्यायचं असतं. यजमान इकडेतिकडे बघतो. गुरुजी त्याच्याकडे न बघताच म्हणतात, "वस्त्रार्थे अक्षतां समर्पयामि." चार तांदूळ वाहिले, वस्त्र झालं. मग अलंकार. "अलंकारार्थे अक्षतां समर्पयामि." पुन्हा चार तांदूळ. ज्या देशात सोन्याचा भाव ऐकून माणूस खुर्ची धरतो त्या देशात कुंकू लावलेल्या चार अक्षतांवर दागिने होतात, आणि देव एकदाही बिल मागत नाही. मुळात ज्याला हे सगळं वाहिलं जातं तो गणपतीसुद्धा बऱ्याचदा सुपारीचाच असतो. सुपारीच्या देवाला तांदळाचा शालू. कुणाची फसवणूक होत नाही, कारण सगळ्यांना सगळं माहीत असतं. गुरुजींना दुसऱ्या पूजेला जायचं असतं तेव्हा अक्षता जरा जास्त लागतात, एवढंच.

दसऱ्याला आपण याच्याही पुढे जातो. सोनं म्हणून आपट्याचं पान देतो, म्हणजे एक बदली झाली. आता आपटा शहराजवळ फारसा उरलेला नाही, म्हणून बाळकुम नाक्यापासून स्टेशनपर्यंत जे ढीग विकायला बसतात त्यात कित्येकदा कांचनाची पानं असतात. ही आपट्याच्या चुलत घराण्यातली. पान तसंच मधोमध दुभंगलेलं, पण ऐसपैस मोठं. म्हणजे सोन्याऐवजी आपटा आणि आपट्याऐवजी कांचन. विशेष म्हणजे कांचन या शब्दाचा अर्थच सोनं. दोनदा बदली होऊन माल पुन्हा मूळ जागी आला, फक्त किलोच्या भावात.

आणि उपवासाचं ताट! आषाढी एकादशीला ते समोर आलं की मी आधी त्याचं मूळ गाव तपासतो. बटाटा अमेरिकेतून आलेला. शेंगदाणा अमेरिकेतला. रताळं, हिरवी मिरची, दोघंही तिकडचीच. पोर्तुगीजांच्या आणि बाकीच्या गलबतांतून उतरलेली ही मंडळी आपल्याकडे येऊन काही शतकंच झाली. साबुदाणा तर बदलीची बदली. मूळचा साबुदाणा आग्नेय आशियातल्या एका ताडासारख्या झाडाच्या गाभ्यातून काढत. आपल्याकडचा बनतो टॅपिओकाच्या कंदापासून, मुख्यतः तामिळनाडूत सेलमच्या बाजूला, आणि तो कंदही दक्षिण अमेरिकेचाच. थोडक्यात, चंद्रभागेच्या वाळवंटाकडे डोळे लावून आपण जे पवित्र अन्न खातो त्यात जुना रहिवासी एकटी भगर. तीही भाताच्या जागी बदली म्हणून आलेली. खिचडीत कोथिंबीर चालते की नाही यावर मात्र आमच्या घरात दर एकादशीला वाद होतो. ती उपवासाला चालत नाही असा एका पक्षाचा आग्रह. मी म्हणतो, एवढ्या परदेशी पाहुण्यांना पान मांडल्यावर तिला एकटीला दारात का उभं करायचं?

आता बाळकुमविषयी. हे गाव म्हणजे बदलीचं उघड्यावर मांडलेलं प्रदर्शन आहे. मुळात खाडीकाठचं आगरी-कोळ्यांचं गाव. भातशेती, मासळी, गावदेवी, हळदीची रात्र. मग बाजूला कोलशेतला कंपन्या आल्या. सँडोझ आली. 1995 मध्ये सँडोझने रसायनांचा धंदा वेगळा काढला, त्याची क्लॅरिएंट झाली. फाटकावरची पाटी बदलली, पण कामाला जाणारे "सँडोझला चाललोय" असंच म्हणत राहिले. पुढे कंपनीची जागाही विकली गेली आणि तिथे उंच उंच इमारती आल्या. तरी जुना माणूस पत्ता सांगतो तो असा, "सँडोझ होती ना, तिच्या पुढे." नवीन भाडेकरू मोबाइलवर सँडोझ शोधतो. त्याला खोकल्याच्या गोळ्या सापडतात.

ठाण्यात पत्ता सांगायचा तर जे नाही त्याच्या आधारानेच सांगावा लागतो. गोल्डन डाईज नाक्यावर डाईज नाहीत. कॅसल मिल नाक्यावर मिल नाही. कापूरबावडीला बावडी बघायला पाहुण्यांना नेलंत तर त्यांना उड्डाणपूल बघून परतावं लागेल. रिक्षावाल्याला यातलं काही सांगावं लागत नाही. त्याचं वय पंचवीस, त्याने ती मिल जन्मात बघितलेली नाही, पण "कॅसल मिल" म्हटल्यावर तो बरोबर जागेवर ब्रेक मारतो.

नवी नावंही येतात, नाही असं नाही. बाळकुममधल्या एका मोठ्या वसाहतीचं नाव पिरामल वैकुंठ. आत सुंदर देऊळ, झाडी, सगळं आहे. पण कुणा पुणेकराला फोनवर सांगून बघा, "काकांनी वैकुंठात फ्लॅट घेतला." पुण्यात वैकुंठ ही स्मशानभूमी. पलीकडे आधी शांतता पसरते आणि मग हलक्या आवाजात विचारणा होते, "कधी?"

रस्त्यांची गोष्ट त्याहून मजेची. एके काळी मुंबईहून नाशिककडे जायचा रस्ता म्हणजे आग्रा रोड, आणि तो आमच्या बाळकुमवरून, कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे जायचा. ट्रक, एसटी, वरातीच्या गाड्या, सगळं आमच्या दारावरून. मग माजिवड्याहून साकेत, खारेगाव, माणकोलीकडून बायपास झाला. तो महामार्ग ठरला आणि आमचा रस्ता 'जुना आग्रा रोड' झाला. रिटायर झाला म्हणा. पण बायपासवर रोज कोंडी होते. कोंडी झाली की वाहतूक पोलिसांची सूचना निघते, पर्यायी मार्ग वापरावा. पर्यायी मार्ग कुठला? बाळकुम, कशेळी, भिवंडी. ज्याच्या जागी दुसरा रस्ता आणला, त्यालाच आता त्या रस्त्याच्या जागी रोज संध्याकाळी बोलावून घेतात. पेन्शनीत निघालेल्या हेडक्लार्कला ऑफिसात पुन्हा कंत्राटावर घेतात तसा हा प्रकार आहे. हेडक्लार्कला निदान मानधन मिळतं. आम्हाला मिळतो तो हॉर्न.

आता घोडबंदर रोडलाही पर्याय होतोय. बाळकुम ते गायमुख खाडीकिनारी रस्ता, लांबी 13.45 किलोमीटर. कापूरबावडीहून निघणारी मेट्रो 5 भिवंडीकडे जाणारी, तिचं पहिलं स्टेशन बाळकुम नाका. साकेत रस्त्यावरची ग्लोबल हबची इमारत वेगळ्याच कामासाठी बांधली होती, पण जून 2020 मध्ये ती हजारावर खाटांचं कोविड रुग्णालय होऊन बसली, आणि तेव्हा कुणी तक्रार केली नाही. बदली कामाला येते तेव्हा अशी येते, हेही म्हणायला हवं.

झाडांच्या बाबतीत मात्र हिशेब काही मला जमत नाही. शहरातली झाडं राखायचा राज्याचा कायदा 1975 चा. 2021 मध्ये त्यात दुरुस्ती झाली की जेवढ्या वर्षांचं झाड तोडाल तेवढी रोपं लावा. चाळीस वर्षांचा पर्जन्यवृक्ष पाडलात तर चाळीस रोपं. कागदावर हा व्यवहार फायद्याचा, एकाला चाळीस! फक्त ती चाळीस एकाच जागी, एकावर एक उभी करता येत नाहीत. नाक्यावरचा एक रिक्षावाला अशाच एका झाडाखाली दुपारी डुलकी काढायचा. झाड गेलं. मी त्याला नियम समजावून सांगितला. तो ऐकून घेऊन म्हणाला, "चाळीस लावली ना? मग आज दुपारी कुठल्याखाली झोपू ते तेवढं सांगा."

घरातल्या वस्तूंना हा कायदा लागू नाही. घरात नवीन येतं, जुनं पाडलं जात नाही. नवा टीव्ही हॉलमध्ये, जुना आजींच्या खोलीत, त्याआधीचा माळ्यावर. नवा मिक्सर ओट्यावर, जुना खाली 'चटणीपुरता'. जुन्या फ्रिजमध्ये एका घरी मी पापड, लोणच्याच्या बरण्या आणि घडी केलेल्या गोधड्या बघितल्या. दारातून उंदीर शिरत नाही, हे कारण. चार्जर न सापडणारे मोबाइल खणात, 'कधी लागला तर' म्हणून. तो लागण्याचा दिवस कुणाच्याच घरी उगवलेला नाही. एक्स्चेंज ऑफरमध्ये जुना पंखा द्यावा म्हटलं तर दुकानदार जी किंमत सांगतो, ती ऐकून वस्तूवरचं प्रेम उफाळून येतं. "दोनशे रुपये? अहो, माझ्या लग्नातला आहे हा!" लग्नातला असणं हा त्या पंख्याचा दोष होता, हे दुकानदार सभ्यपणे बोलत नाही.

किराणा घरपोच मागवतानाही हल्ली ही बदली मागच्या दाराने येते. 'उपलब्ध नसल्यास पर्यायी वस्तू पाठवू का' यावर एकदा बोट पडलं की मग दैव. कढीपत्ता मागवला, पुदिना आला. गूळ मागवला, साखर आली. हे समजू शकतं. परवा ओल्या नारळाऐवजी एका घरी नारळाच्या तेलाची बाटली आली. वहिनींनी सोलकढी करायची ठरवली होती. त्यांनी ती बाटली शांतपणे डोक्याला लावली आणि कढी रद्द केली.

संध्याकाळी बागेतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर हा विषय थेट हाडांपर्यंत पोचतो. तिथे मंडळींची ओळख नावाने, हुद्द्याने होत नाही. एक गुडघा बदललेले, दोन्ही बदललेले आणि तारीख मिळालेले असे तीन वर्ग आहेत. चौथा वर्ग तेल चोळून चालवणाऱ्यांचा, त्यांना बोलण्यात फार भाव मिळत नाही. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने गुडघ्यातल्या सांध्याच्या कमाल किमती ठरवून दिल्या. नेहमीच्या धातूच्या सांध्याला 54,720 रुपये, कर वेगळा. त्याआधी ज्यांनी केलं ते आणि त्यानंतर ज्यांनी केलं ते, यांच्यात अजून तो फरक निघतो. "आमच्या वेळी लाखाच्या वर होता," हे वाक्य ऑपरेशनचं दुःख म्हणून येतं की अभिमान म्हणून, ते मला ओळखता येत नाही.

परवा एक काका, वय अठ्ठ्याहत्तर, उजवा गुडघा बदलून पहिल्यांदाच कट्ट्यावर आले. सगळ्यांनी सरकून जागा केली. त्यांनी पाय लांब करून दाखवला, वाकवून दाखवला. कुणीतरी हात लावून बघितला.

"नव्याचा काही त्रास नाही," काका म्हणाले. "पण तो आल्यापासून डावा एकदम कुरकुरायला लागलाय. इतकी वर्षं बिचारा गप्प होता."

"तुलना व्हायला लागली ना," तेलवाले म्हणाले.

"जुना गुडघा परत देतात का हो? की एक्स्चेंजमध्ये घेतात?"

"मी मागितला नाही. घरी माळ्यावर जागा नाही."

मग मुख्य प्रश्न आला. "टिकणार किती म्हणाले डॉक्टर?"

"पंधरा-वीस वर्षं आरामात."

कट्टा जरा चुळबुळला. अठ्ठ्याहत्तर अधिक वीस ही बेरीज सगळ्यांनी मनात केली होती, बोलायला कुणी धजावत नव्हतं. काकांनीच काठी उचलून खाडीच्या दिशेने रोखली.

"माझं एवढंच म्हणणं आहे, की तो खाडीकाठचा रस्ता एकदा पुरा होऊ दे. बाळकुम ते गायमुख मी याच पायाने चालत जाणार. त्यानंतर कंपनीने गुडघा परत मागितला तरी माझी हरकत नाही."

तेलवाल्यांनी काही क्षण विचार केला आणि म्हणाले, "मग वीस वर्षांचं लिहून घ्या त्यांच्याकडून. लागतील."